देवाला एकच वीट पुरली

॥ राम कृष्ण हरि ॥

माउली, आमच्या गावाच्या नावातच कळस आहे. ताडकळस, तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. लहानपणी आम्ही पोरे फुशारकी मारायचो, की बाकीच्या गावांना देवळावर कळस चढवावा लागतो, आमच्या गावाला तो जन्मापासूनच आहे. पुढे हातात टाळ आला, गळ्यात माळ आली, पंढरीची वाट पायाखाली आली, आणि त्याच नावाने मनात एक प्रश्न उभा केला. कळस चढला म्हणजे देऊळ पूर्ण झाले, असे आपण म्हणतो. पण देव त्या देवळात नेमका केव्हा येतो? पाया खणला तेव्हा, मूर्ती बसली तेव्हा, की कळस चढला तेव्हा?

हा प्रश्न आज विचारण्याचे कारण आहे. आपल्या मराठवाड्यात गावोगाव जीर्णोद्धार चालले आहेत. जुनी माळवदी देवळे उतरवून तिथे स्लॅबचे सभामंडप उभे राहत आहेत, गुळगुळीत फरशी येत आहे, देणगीदारांच्या नावाच्या पाट्या भिंतीवर लागत आहेत. यात वाईट काहीच नाही. पण वर्गणीच्या बैठकीला पन्नास माणसे आणि संध्याकाळच्या हरिपाठाला पाच, असे दिसू लागले, की जरा थांबून आपल्या संतांकडे पाहावेसे वाटते. दुसऱ्या गावाकडे बोट दाखवून मी हे बोलत नाही. माझ्याकडूनही एक चूक झाली आहे, ती शेवटी सांगणार आहे.

संतांकडे पाहायला आपल्याला लांब जायला नको. ताडकळसच्या एका अंगाला गोदाकाठी गंगाखेड आहे, जनाबाईंचे गाव. दुसऱ्या अंगाला औंढा नागनाथ, आणि त्याच्या पलीकडे नरसी, नामदेवरायांचे गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्याआधी ही तिन्ही गावे आपल्या परभणी जिल्ह्यातच होती. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरीला निघते तीही नरसी, औंढा, परभणी, गंगाखेड अशीच जाते. म्हणजे जो इतिहास मी सांगणार आहे, तो आपल्या पायवाटेवरचाच आहे.

आधी वीट

सुरुवात विटेपासूनच करू. पुंडलिकाची कथा आपल्याला पाठ आहे. पुंडलिक आईवडिलांचे पाय चेपत होता आणि देव दारात आला. पुंडलिकाने मागे वळून आसन दिले नाही, पाट मांडला नाही. हाताशी एक वीट होती, ती सरकवली आणि म्हटले, यावर थांब, हातातली सेवा झाली की येतो. देव थांबला. कमरेवर हात ठेवून अजून थांबला आहे.

माउली, या कथेकडे बांधकामाच्या नजरेने एकदा पाहा. बांधकामातला सगळ्यांत लहान नग म्हणजे वीट. भिंत नाही, छप्पर नाही, गाभारा नाही, नुसती एक वीट, आणि तेवढ्यावर आपल्या संप्रदायाचे दैवत उभे राहिले. पंढरपूरचे दगडी मंदिर, महाद्वार, सभामंडप हे सगळे त्या विटेभोवती नंतर उभे राहिले. देव आला तेव्हा तिथे एक मुलगा होता, त्याचे थकलेले आईवडील होते आणि त्यांची सेवा चालली होती. देव ती सेवा पाहायला आला होता. बसायला काय मिळेल, याची चौकशी त्याने केली नाही.

औंढ्याचे देऊळ कोणाकडे वळले?

आता औंढ्याला चला. औंढा नागनाथ हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. आपल्या भागात इतके देखणे शिल्पकाम क्वचितच पाहायला मिळते. हत्ती, घोडे, देवदेवता, नर्तकी, भिंतीभर कोरीव काम. खालचा भाग जुन्या काळ्या दगडाचा आहे आणि वरचा भाग नंतर विटा-चुन्याने बांधलेला आहे. हा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला, असे सांगतात. लिंग मात्र वर दिसत नाही. अरुंद पायऱ्यांनी खाली उतरून, वाकून, अंग चोरून गाभाऱ्यात जावे लागते. एवढ्या भव्य देवळातला देव खाली, अंधारात, ओणवे झाल्यावर भेटतो. याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या परीने लावावा.

या देवळाची कथा आपल्याकडे आजीच्या तोंडून नातवाकडे येते. नामदेवराय देवळासमोर कीर्तन करीत होते. ज्यांच्या हाती देऊळ होते त्यांना ते खपले नाही. शिंप्याच्या मुलाने समोर उभे राहून कीर्तन करावे, हे त्यांना रुचले नाही. त्यांनी नामदेवरायांना उठवले आणि मागे जायला सांगितले. नामदेवराय भांडले नाहीत. मागच्या बाजूला जाऊन त्यांनी पुन्हा कीर्तन धरले. तेव्हा देऊळच फिरले आणि देवाने आपले तोंड मागे बसलेल्या भक्ताकडे केले. आजही औंढ्याला गेलात तर माणसे तुम्हाला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला दाखवतात आणि सांगतात, देऊळ फिरले, नंदी तिथेच राहिला.

ही कथा फक्त आपल्या मराठवाड्याने जपली आहे असे नाही. नामदेवराय उत्तरेत गेले, पंजाबात घुमानला राहिले. १६०४ मध्ये शिखांच्या गुरूंनी आदिग्रंथ सिद्ध केला. आज आपण ज्याला गुरु ग्रंथसाहिब म्हणतो, त्यात नामदेवरायांची ६१ पदे आहेत आणि त्यांतल्या पदांत हा प्रसंग आला आहे. जातीवरून उठवलेला भक्त आपली घोंगडी उचलतो, देवळामागे जाऊन बसतो, नाम घेत राहतो आणि देऊळ त्याच्याकडे फिरते. गावाचे नाव त्यात नाही. पण आपल्या मुलखातल्या शिंप्याची ही गोष्ट पंजाबातला भाविक आजही माथा टेकवून ऐकतो.

देऊळ खरेच फिरले का, असे तरुण मुले विचारतात. विचारू द्यावे. मी त्यांना उलट विचारतो, तुझे काय मत? पुढे बसलेल्यांकडे देवाचे तोंड होते की मागे बसलेल्याकडे? सातशे वर्षे झाली. नामदेवरायांना उठवणाऱ्यांचे नाव कोणाला माहीत नाही. औंढ्याला जाणारा प्रत्येक माणूस नामदेवांचे नाव घेतो. लोकांच्या मनात तरी ते देऊळ कायमचे फिरले आहे.

औंढ्याच्याच भूमीत नामदेवरायांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, असे संप्रदाय मानतो. पाहतात तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय उचलून दुसरीकडे ठेवले, तिथे पिंडी. तिसरीकडे ठेवले, तिथेही पिंडी. गोरोबाकाकांनी ज्यांना कच्चे मडके म्हटले होते ते नामदेव या एका धड्याने पक्के झाले. हा धडा कुठे मिळाला, हे लक्षात घ्या. देव फक्त देवळात नाही, हे नामदेवांना देवळातच कळले.

जात्याजवळचा गाभारा

औंढ्याहून गंगाखेडला येऊ. जनाबाई इथल्या. लहान वयात वडिलांनी त्यांना पंढरपूरला नामदेवरायांच्या वडिलांच्या, दामाशेटींच्या घरी ठेवले. तिथे त्या आयुष्यभर राबल्या. दळण, कांडण, झाडलोट, शेण-गोवऱ्या, पाणी. पंढरीत राहूनही देवळात जाऊन निवांत बसावे असा वेळ या बाईला कधी मिळाला असेल, असे वाटत नाही. तिने देवळाची वाट पाहिली नाही. जात्याच्या खुंट्याला हात घातला आणि तिथेच नाम धरले.

आणि मग काय झाले, हे आपण सगळे जाणतो. देव तिच्या जात्याला हात लावायला आला. तिच्याबरोबर गोवऱ्या वेचायला गेला, पाणी भरू लागला. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचे जाते दाखवतात. वारकरी त्याला हात लावतात, एखादी बाई खुंटा धरून फेरा देते आणि डोळे पुसते. तिला त्या दगडात आपले घर दिसते. पहाटे चारला उठून दळणारी आई दिसते, रोजगाराला जाणारी बहीण दिसते.

जनाबाईंच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. गोदाकाठच्या एका दासीचे शब्द आज मोठमोठ्या सभामंडपांत लाऊडस्पीकरवर गायले जातात. ते बांधणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की हे शब्द मंडपात जन्मले नाहीत, जात्याजवळ जन्मले.

अरणच्या सावता महाराजांचेही असेच. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, मळ्यातच देव पाहिला. म्हणून इतर संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात आणि पांडुरंगाची पालखी अरणला येते. भक्ताच्या कामात खोटी होऊ नये म्हणून देवच वाट चालतो.

पन्नासची नोट उलटून पाहा

कोणी म्हणेल, गरिबाकडे देऊळ बांधायला पैसा नसतो, म्हणून ही समजूत. तर मग आता एका राजाची गोष्ट ऐका.

खिशात पन्नास रुपयांची नवी नोट असेल तर उलटून पाहा. तिच्यावर एक दगडी रथ आहे. तो कर्नाटकातल्या हंपीच्या विठ्ठल मंदिरातला. विजयनगरच्या राजांच्या राजधानीतले हे मंदिर. कृष्णदेवरायांच्या काळात, म्हणजे १५०९ ते १५२९ या वर्षांत, ते आणखी वाढले, सजले. तिथल्या दगडी खांबांवर बोटाने टिचकी मारली तर सूर निघतात. विठ्ठलाच्या नावाने एवढे वैभव दुसरीकडे कुठे उभे राहिले असेल, असे वाटत नाही.

आपली परंपरा सांगते, की राजाने पंढरपूरची मूर्ती तिथे नेली होती. राजाची भक्ती खोटी होती असे म्हणण्याचे कारण नाही. पण इकडे आषाढीला आलेले वारकरी रिकाम्या विटेसमोर उभे राहून रडू लागले. तेव्हा पैठणचे भानुदास महाराज, एकनाथ महाराजांचे पणजोबा, पायी निघाले. राजाच्या देवळात जाऊन ते देवाशी बोलले, परत चल म्हणाले. देवाने आपल्या गळ्यातला रत्नहार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी चोरीचा आळ आला, सुळाची शिक्षा झाली, आणि सुळाला पालवी फुटली. राजाला कळले, देव कोणाचा आहे ते. भानुदास देवाला घेऊन पंढरीला आले.

१५६५ च्या लढाईनंतर ती राजधानी लुटली गेली, ओस पडली. हंपीचे विठ्ठल मंदिर आजही उभे आहे. जगभरातून लोक ते पाहायला येतात. रथ आहे, खांब आहेत, मंडप आहे, पण गाभाऱ्यात मूर्ती नाही. इकडे पंढरपूरला मात्र पहाटेपासून दर्शनाची रांग लागलेली असते. राजाने देवाला घर दिले होते. भानुदासांकडे देवाची आठवण काढणारी माणसे होती. देव त्यांच्यापाशी आला.

दाराबाहेरचा भक्त

इथपर्यंत सांगितले ते ऐकायला गोड आहे. आता जे सांगायचे ते गोड नाही. पण ते वगळून आपला इतिहास पुरा होत नाही.

चोखोबाराय मंगळवेढ्याचे. सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा, सगळे घर विठ्ठलाचे. पण देवळाच्या पायरीच्या आत पाऊल टाकण्याची मुभा त्यांच्यापैकी कोणालाही नव्हती. पुढे मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम निघाले. वेशीच्या भिंतीसाठी राबणाऱ्या मजुरांत चोखोबा होते. शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, ती भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. माउली, भिंती उभारायला ज्याचे हात चालत होते, त्याला भिंतीच्या आत घेणे आपल्याला चालत नव्हते.

नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातली हाडे एकेक उचलून कानाला लावली. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून उपरण्यात बांधली आणि पंढरपूरला आणून महाद्वाराशी समाधी दिली. पुढे नामदेवरायांनीही जागा मागितली ती त्याच दाराशी, पायरीची. आपण आत जाताना आधी या दोघांपुढे वाकतो. देवाच्या सगळ्यांत जवळ कोण, याचा निकाल तिथेच लागला आहे.

पण माणसांनी तो निकाल मानला नाही. चोखोबांच्या समाधीपुढे डोके टेकवून वर चढणारे आम्ही, चोखोबांच्या भाऊबंदांना सहाशे वर्षे खालीच उभे करीत राहिलो. शेवटी साने गुरुजी उठले. १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. या देशाला स्वातंत्र्य मिळायला साडेतीन महिने उरले होते आणि विठ्ठलाचे दार अजून बंद होते. १० मे रोजी ते उपोषण सुटले, मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले. गुरुजींनी देऊळ बांधले नाही, एक वीटही रचली नाही. दार उघडायला लावले. पंढरपूरच्या मंदिराच्या इतिहासात जे जीर्णोद्धार झाले, त्यांतला सर्वांत मोठा जीर्णोद्धार मला हाच वाटतो. तो करायला आपण वारकऱ्यांनी एवढा उशीर का लावला, हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारायचा आहे.

मग देऊळ बांधू नये का?

बांधावे. जरूर बांधावे. औंढ्याची भिंत कोरणारा पाथरवटही भक्तच होता. त्याच्या छिन्नीच्या प्रत्येक घावात सेवा होती. अहिल्याबाईंनी काशीपासून कितीतरी ठिकाणी देवळे आणि घाट बांधले, आणि स्वतः साधेपणाने राहिल्या. आपला संप्रदाय देवळाच्या विरुद्ध कधीच नव्हता. ज्याला पंढरीची ओढ नाही तो वारकरी कसला?

पण आपल्याच मराठवाड्यातल्या, शिऊरच्या बहिणाबाईंनी संप्रदायाला इमारतीची उपमा दिली, ती आठवा. पाया ज्ञानोबारायांनी घातला. नामदेवरायांनी आवार वाढवले. नाथ महाराज खांब झाले. तुकोबाराय कळस झाले. या इमारतीत दगड कुठे आहे? चुना कुठे आहे? पायापासून कळसापर्यंत नुसती माणसे आहेत. त्यातही एक आईबापावेगळा, वाळीत टाकलेला पोर, एक शिंपी, एक कर्जात बुडालेला वाणी. ही इमारत कोणत्या आक्रमणात पडली नाही, भूकंपात हलली नाही. अशी इमारत आधी असावी आणि दगडाची तिच्यानंतर. एवढा क्रम सांभाळला की झाले.

माझी गोष्ट

आता कबूल केल्याप्रमाणे माझी चूक सांगतो. बरीच वर्षे झाली. सप्ताहाचा शेवटचा दिवस होता, काल्याचे कीर्तन. मोठे पाहुणे येणार होते आणि पुढची जागा रिकामी ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. अगदी समोर एक म्हातारी बसली होती. सातही दिवस ती सगळ्यांच्या आधी येऊन तिथेच बसायची. मी म्हणालो, "आजी, जरा मागं सरा. पाहुणे बसायचेत."

ती रागावली नाही. गुडघ्यावर हात टेकून उठली, म्हणाली, "सरते की बापू. मागूनबी ऐकू येतंय." आणि पाण्याच्या टाकीजवळ, चपलांच्या शेजारी जाऊन बसली.

त्या दिवशी महाराजांनी कीर्तनात नेमका औंढ्याचा दृष्टांत घेतला. नामदेवांना मागे घालवले आणि देऊळ फिरले. लोक टाळ्या वाजवत होते. माझी मान वर होईना. हळूच मागे पाहिले. म्हातारी डोळे मिटून टाळी वाजवत होती. मला त्या क्षणी वाटले, देवाची पाठ आता माझ्याकडे आहे.

पाहुणे कोण होते ते आज मला आठवत नाही. ती टाळी आठवते. पुढच्या सप्ताहाला त्या आजी नव्हत्या. माफी मागायची राहून गेली.

म्हणून माउली, तुमच्या गावात देवळाचे काम निघाले असेल तर नकाशा पाहताना दोन गोष्टी जरूर विचारा. या देवळात मागे कोण बसणार आहे? आणि बाहेर कोण राहणार आहे? गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला पायऱ्या चढता येतील का? ऊसतोडीहून थकून आलेल्या बाईला मळक्या लुगड्यानिशी पुढे बसता येईल का? वर्गणी न देऊ शकलेल्याला पंगतीत संकोच वाटेल का? या प्रश्नांची उत्तरे चांगली असतील तर पत्र्याचे देऊळही चालेल. नसतील तर फरशी बदलून उपयोग नाही.

शेवटी पुन्हा कळसाकडे येतो. आषाढीला पंढरपुरात लाखो माणसे येतात. सगळ्यांना गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येत नाही. रांगेत उभे राहायला बळ नसते, घरी पेरणी खोळंबलेली असते. मग वारकरी चंद्रभागेत स्नान करतो, नामदेव पायरीवर माथा टेकवतो, दुरून कळसाला हात जोडतो, वारी पावली म्हणतो आणि घरची वाट धरतो.

आमच्या गावाच्या नावातल्या कळसाचा अर्थ मला असा लागला. आत पोहोचलेल्याला कळस दिसत नाही. तो उंच बांधायचा तो बाहेर, दूर, मागे उभ्या असलेल्यासाठी. आपल्या देवळाचा कळस त्याच्यापर्यंत पोहोचत असेल, तर खुशाल आभाळाला लावा. आणि तेवढी ऐपत नसेल तरी खंत करू नका. देवाला एक वीट पुरली होती. आजही पुरेल.

॥ राम कृष्ण हरि ॥